गाडी बंद, मस्टर चालू

मे २०२४ च्या अखेरीस मध्य रेल्वेने ठाण्याला ६३ तासांचा आणि सीएसएमटीला ३६ तासांचा ब्लॉक घेतला, म्हणजे कामासाठी काही मार्ग बंद ठेवले. ठाण्याचे पाच-सहा नंबरचे फलाट रुंद करायचे होते आणि सीएसएमटीचे दहा-अकरा नंबरचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवायचे होते. काम गरजेचं होतं, त्यावर वाद नाही. शुक्रवारी १६१, शनिवारी ५३४ आणि रविवारी २३५ अशा ९३० लोकल रद्द झाल्या. आस्थापनांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावं किंवा दुसरी काही सोय करावी, असं आवाहन रेल्वेने आधीच केलं होतं. ज्यांनी ते मनावर घेतलं त्यांच्याकडे प्रश्नच मिटला. बाकी ठिकाणी नेहमीच्या धर्तीचा संदेश फिरला: मेगाब्लॉक आहे, तरी सर्वांनी घरून लवकर निघावं.

नऊशे लोकल नाहीत, त्यावर तोडगा काय? तर अंबरनाथच्या माणसाने पाचऐवजी चारला उठावं. या संदेशात रेल्वेचं काही जात नाही, कंपनीचं काही जात नाही, सरकारचंही नाही. जातं ते ज्याच्या हातात या सगळ्यातलं काहीच नाही त्याचं. त्यातूनही उशीर झालाच तर लेट मार्क आहे आणि तीन लेट मार्कांना अर्धी रजा कापण्याची पद्धत अनेक आस्थापनांत आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. सार्वजनिक वाहतूक बंद पडलेली असताना कर्मचाऱ्याने कामावर पोहोचायचं कसं, हा त्याचा खाजगी प्रश्न नाही. ज्याने त्याला बोलावलं त्याचा तो प्रश्न आहे. आणि या बाबतीत मालकाने करायची पहिली मदत गाडी पाठवण्याची नाही. ज्याला बोलावण्याची गरज नाही त्याला बोलवू नये, ही ती मदत.

हे उलटं वाटेल, कारण मदत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बस येते. जरा हिशेब करून पाहू. बारा डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी साडेचार-पाच हजार माणसं घेऊन धावते. बस कितीही ठेचून भरली तरी सत्तर-ऐंशी. म्हणजे एका रद्द लोकलची भरपाई करायला साठ-सत्तर बस हव्यात आणि सकाळी अशी लोकल दर तीन-चार मिनिटांनी सुटत असते. त्या २०२४ च्या ब्लॉकमध्ये बेस्ट, ठाण्याची टीएमटी आणि एसटी यांनी जादा गाड्या सोडल्या. चांगलंच केलं. पण लोकलच्या जागी बस ही समजूत काढण्याची गोष्ट झाली. त्यात कंपन्यांनी चार-चार माणसांसाठी टॅक्स्या मागवल्या की त्याच पूर्व द्रुतगती मार्गावर त्या बसही अडकतात. ऐरोलीचा माणूस बीकेसीला पोहोचतो तोवर जेवणाची सुट्टी झालेली असते आणि परतीची चिंता सुरू.

१९ ऑगस्ट २०२५ ला हे सगळं मुंबईने पाहिलं. मुसळधार पाऊस, हार्बर बंद, सीएसएमटी ते ठाणे मार्गही कित्येक तास ठप्प. महापालिकेने त्याच दिवशी सकाळी सरकारी-निमसरकारी कार्यालयांना सुट्टी जाहीर केली आणि खाजगी कार्यालयांना घरून काम द्यायला सांगितलं. तोवर निघालेले निघाले होते. संध्याकाळी हार्बरची गर्दी मोनोरेलकडे वळली. एरवी रिकामी धावायची म्हणून जिची थट्टा व्हायची ती मोनोरेल त्या दिवशी क्षमतेपेक्षा जास्त भरली. वजन वाढून वीजपुरवठा तुटला आणि गाडी चेंबूरजवळ उंच खांबांवर तिरपी थांबली. आत दिवे नाहीत, एसी नाही, खिडक्या उघडत नाहीत. अग्निशमन दलाने शिड्या लावून पाचशेहून जास्त माणसं खाली उतरवली. दोष मोनोरेलच्या व्यवस्थेचा होताच, चौकशीही झाली. पण त्या डब्यातल्या किती जणांना त्या दिवशी घराबाहेर पडणं खरोखर भाग होतं, याची चौकशी कुणी केली नाही. ती झाली असती तर मोनोरेलच्या कार्यालयापेक्षा इतर पुष्कळ कार्यालयांना उत्तरं द्यावी लागली असती.

निर्णयाच्या वेळेकडेही कुणाचं लक्ष नसतं. कर्जत, कसाऱ्याची माणसं पहाटे साडेपाच-सहाला घर सोडतात. साडेआठला आलेला 'आज येऊ नका' हा निरोप त्यांना कुर्ल्याच्या पुलावर मिळतो. पुढे जाता येत नाही, मागे फिरायला गाडी नाही. सुट्टी किंवा घरून काम द्यायचं तर पहाटे पाचपर्यंत सांगावं, तेही जमत नसेल तर आदल्या रात्री. हवामान खात्याचा लाल इशारा बहुतेक वेळा आदल्या दिवशीच आलेला असतो. इशारा खरा ठरला नाही, पाऊस पडलाच नाही, तर कंपनीचा एक दिवस जरा ढिला जाईल. जाऊ द्या की.

संध्याकाळचं गणित निराळं. ६ नोव्हेंबर २०२५ ला ऐन गर्दीच्या वेळी सीएसएमटीला रेल्वे कर्मचाऱ्यांचं आंदोलन झालं आणि लोकल थांबल्या. लोक गाड्यांतून उतरून रुळांवरून चालू लागले. सँडहर्स्ट रोडजवळ लोकलच्या धडकेत प्रवाशांचा जीव गेला. गाड्या थांबल्याची बातमी मोबाइलवर दोन मिनिटांत येते. अशा वेळी कार्यालयाने दार उघडं ठेवावं, दिवे आणि पंखे चालू ठेवावेत, चहा-बिस्किटं मागवावीत आणि गाड्या सुरू होईपर्यंत थांबा म्हणून सांगावं. याला खर्च तो काय? पण सात वाजले की एसी बंद, सव्वासातला हाउसकीपिंगवाले खुर्च्या उलट्या घालायला लागतात, आणि माणूस आपसूक स्टेशनच्या गर्दीत जाऊन उभा राहतो.

आता ज्यांना घरून काम करताच येत नाही त्यांच्याकडे येऊ, कारण खरा प्रश्न त्यांचाच आहे. रुग्णालयातल्या सिस्टर आणि वॉर्डबॉय, पंपिंग स्टेशनवरचा ऑपरेटर, सबस्टेशनचा वायरमन, सफाई कामगार, औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट, इमारतीच्या दारातला सुरक्षारक्षक. लोकल बंद पडली की आपण कामावर येऊ न शकलेल्या माणसाबद्दल बोलतो. कामावरून जाऊ न शकलेल्याबद्दल कुणी बोलत नाही. रात्रपाळीची सिस्टर ओव्हर दिल्याशिवाय, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे पेशंट सोपवल्याशिवाय, निघू शकत नाही. ओव्हर घ्यायला येणारी कळव्याच्या पुढे थांबलेल्या गाडीत. मग आठची सुटका बाराला होते, बाराची तीनला. तिच्यासमोरचे पेशंट तेच, सलाइन तेच, फक्त तिचे डोळे मिटायला लागलेले. रुग्णालयात वेळीच दोन खोल्या, चार खाटा आणि बदलीची यादी तयार असेल तर निभावतं. नसेल तर ती सोळाव्या तासालाही इंजेक्शन भरत असते. ही भीती तिचीच नाही, आपलीही आहे.

सुरक्षारक्षकाचं तर विचारूच नका. बारा तासांची पाळी, त्याचा रिलीव्हर टिटवाळ्याचा. गेटजवळच्या केबिनमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची, कॅमेऱ्याच्या स्विचबोर्डला लावलेला फोन, भिंतीवर खिळ्याला अडकवलेला रिकामा डबा. डबा रात्रीच संपलेला. सकाळी नऊला इमारतीतले साहेब गाडी घेऊन येतात, 'काय, आज पाऊस जोरात!' म्हणतात आणि वर जातात. वरच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांनी आज घरून काम घेतलेलं असतं. हा मात्र रिलीव्हर येईपर्यंत हलू शकत नाही, आणि त्या वाढीव तासांचे पैसे एजन्सी देईल का, दिलेच तर दुप्पट दराने देईल का, हे त्याला तीस तारखेला कळणार. दुसरीकडे तो रिलीव्हर दुपारी एकला पोहोचला म्हणून त्याचा हाफ डे. एकाच बिघाडात दोघांचंही नुकसान, आणि कंपनीच्या दप्तरी दोघांपैकी एकही तिचा कर्मचारी नाही.

इथेच सगळी मेख आहे. कर्मचाऱ्यांना मदत म्हणून जी परिपत्रकं निघतात ती पगारपत्रकावरच्या माणसांसाठी असतात. त्यांतल्या बहुतेकांकडे लॅपटॉप असतो. त्यांचं काम घरून चालतं, ते २०२० मध्ये सिद्धच झालं. त्या वर्षी १५ जूनला लोकल पुन्हा सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. सामान्य प्रवाशाला ठरावीक वेळांत का होईना आत घ्यायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडावं लागलं. मधल्या काळात मोठमोठ्या कंपन्यांचं कामकाज चाललं. ज्यांना जावंच लागत होतं आणि ज्यांच्याकडे क्यूआर कोडचा पास नव्हता ते एसटीच्या रांगेत, भाजीच्या टेम्पोत, मोटरसायकलवर तिघे बसून गेले. मदत जिथे सगळ्यात कमी लागते तिथे ती सगळ्यात आधी पोहोचते आणि कंत्राटदाराच्या माणसाच्या नावाने 'ते एजन्सी बघेल' एवढं म्हटलं की झालं. एजन्सी बघत नाही. तिने कमीत कमी दराची निविदा भरूनच काम घेतलेलं असतं, बघायला तिच्याकडे पैसे नाहीत.

मूळ मालकावर ही जबाबदारी टाकणं म्हणजे काही क्रांती नव्हे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून तत्त्व ठरलेलं आहे: पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, कँटीन यांची सोय कंत्राटदाराने केली नाही तर ती मुख्य मालकाने करायची. नव्या श्रमसंहितेने तर कल्याणाच्या सोयी थेट मुख्य मालकाकडेच दिल्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि घराच्या दारापर्यंत वाहन या अटी घातल्या. म्हणजे प्रवास असुरक्षित असतो तेव्हा तो मालकाचा विषय होतो, हे राज्याने मान्य केलेलं आहे. फक्त घड्याळ बघून. गाड्या बंद असलेल्या दिवशी सकाळचे साडेनऊही तितकेच बिकट असू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैत दिलेला एक निकाल आपल्याच मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी. पहाटे तीनची पाळी. २००३ च्या एप्रिलमध्ये मोटरसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटर उरला असताना अपघातात गेला. अपघात कामाच्या जागी झाला नाही म्हणून भरपाई नाही, असा विमा कंपनीचा दावा. प्रकरण बावीस वर्षं चाललं. शेवटी न्यायालयाने सांगितलं की घरून कामावर जाताना झालेला अपघात, वेळ-ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल तर नोकरीतूनच उद्भवलेला मानायचा. कायद्याच्या नजरेत रस्ता कामाचा भाग होऊ शकतो. मग रस्त्यावर माणूस मेला तरच तो कामाचा भाग, आणि तीन तास अडकून जिवंत पोहोचला तर लेट मार्क, हे कोणत्या न्यायात बसतं?

यावर ठरलेली हरकत येते: बदलापूरला राहायला आम्ही सांगितलं होतं का? ही हरकत ज्यांच्या तोंडी असते त्यांचं कार्यालय बऱ्याचदा लोअर परळला असतं. त्या जागेवर एकेकाळी गिरणी होती. भोंगा झाला की माणसं चाळीतून चालत पाच-दहा मिनिटांत खात्यात हजर होत. गिरणगावात प्रवासाचा प्रश्नच नव्हता, कारण काम आणि घर एकाच गल्लीत होतं. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले. त्या टॉवरमध्ये लाद्या पुसणारी बाई आज टिटवाळ्याहून किंवा नालासोपाऱ्याहून येते, कारण परळमध्ये तिला खोली परवडत नाही. तिला लांब ढकलणाऱ्या बाजारात त्या टॉवरचाही वाटा आहे. गिरण्यांच्या काळातले जिने आणि पूल नव्या कार्यालयांच्या गर्दीला पुरेनात आणि २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पाऊस थांबायची वाट पाहत दाटलेल्या गर्दीत २३ माणसं चेंगरून मेली. सगळी कामाच्या वेळेची गर्दी होती. स्वेच्छेने लांब राहायला गेलेल्यांची जत्रा नव्हे ती.

दुसरी हरकत जास्त प्रामाणिक आहे: सवलत दिली की लोक गैरफायदा घेतात. घेतात. ठाणेकर गाड्या सुरळीत असतानाही सिग्नल फेल होता म्हणून सांगतो, हे मलाही माहीत आहे. पण यासाठी माणसाच्या शब्दावर विसंबायची गरजच नाही. कुठला मार्ग किती वाजता बंद होता हे रेल्वे स्वतः जाहीर करते. तो काळ आणि कर्मचाऱ्याचं राहण्याचं ठिकाण जुळलं की लेट मार्क आपोआप रद्द, अर्ज-विनंती नको, साहेबांच्या मूडवर काही नको. हजेरीचं यंत्र एवढं सहज करू शकतं. जे यंत्र नऊ एकतीसला लाल अक्षर उमटवतं त्याला हे शिकवणं अवघड नाही.

लहान दुकानदाराची अडचण मात्र खरी आहे. दोन नोकरांच्या किराणा दुकानाने बस कुठून आणायची? त्याने ती आणूही नये. बोजा आकाराप्रमाणे टाकावा. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकापासून ठरावीक संख्येच्या वर कर्मचारी असलेल्या आस्थापना सार्वजनिक वाहतुकीसाठी पगाराच्या प्रमाणात कर भरतात आणि शिवाय कर्मचाऱ्याच्या पासचा निम्मा खर्च उचलतात. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकापासून मजुरीच्या सहा टक्क्यांहून जास्त जाणारा प्रवासखर्च मालकाचा. आपल्याकडे मोठी कार्यालयं ज्या लोकलच्या जिवावर चालतात तिच्यासाठी ती थेट काहीच देत नाहीत आणि ती बंद पडली की रेल्वेला सोशल मीडियावर शिव्या मात्र देतात.

सरकारने काय करावं? गाड्या चालवणं तर आहेच, पण आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे कार्यालयांच्या वेळा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ एकमेकींजवळून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतून माणसं पडून मेली, तेव्हा वेळा विभागण्याची चर्चा पुन्हा उसळली. मध्य रेल्वेने त्याआधीच आपल्या मुंबईच्या कार्यालयात वेगवेगळ्या वेळा लावून पाहिल्या होत्या आणि शेकडो आस्थापनांना पत्रं लिहिली होती. पत्रांनी हे होत नाही. मंत्रालयापासून सुरुवात केली आणि सक्ती केली तर होईल. नेहमीची गर्दी पसरलेली असेल तर बिघाडाच्या दिवशी कोसळणंही कमी होतं.

दुसरी गोष्ट मुंबईबाहेरची. एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीत पेटला आणि न्यायालयाने कामावर परतण्यासाठी दिलेली मुदत थेट २२ एप्रिल २०२२ ची होती. सरकारने नोव्हेंबरातच खाजगी बस, शाळेच्या बस, कंपन्यांच्या बस, एवढंच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. कागदावर सोय झाली. प्रत्यक्षात तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी परिचारिका आणि एमआयडीसीतला हेल्पर वडापच्या दारात लटकून, मागतील ते भाडे देऊन गेले. कुठे काळी-पिवळी, कुठे टमटम. संपकऱ्यांचं भांडणही पगाराचंच होतं, म्हणून त्यांच्यावर राग काढायचं मला कारण दिसत नाही. पण एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांच्या बस रोज अर्ध्या रिकाम्या त्याच रस्त्याने जात असताना शेजारच्या लहान कारखान्याच्या कामगाराला त्यात घ्यायचं कुणाला सुचलं नाही. परवानगी देऊन सरकार मोकळं झालं. औद्योगिक वसाहतीच्या पातळीवर बस एकत्र चालवून खर्च वाटून घ्या, असं बसून ठरवायला लागतं. ते जिल्हाधिकाऱ्याने उद्योजक संघटनेला बोलावून एका दुपारी ठरवता येतं.

मोठ्या आस्थापनांनी सुरुवात निविदेपासून करावी. हाउसकीपिंगच्या निविदेत फिनेल कोणत्या प्रतीचं, गणवेशाचा रंग कोणता, मजला दिवसातून किती वेळा पुसायचा हे सगळं लिहिलेलं असतं. त्यात आणखी तीन ओळी घाला: वाहतूक बंद असलेल्या दिवसाची मजुरी कापायची नाही, अडकलेल्याला दुप्पट दर आणि जेवण, आणि हा खर्च कंत्राटदाराच्या दरात नव्हे तर मूळ आस्थापनेकडून वेगळा. हे लिहिलं नाही तर बाकी सगळी माणुसकी लॅपटॉपवाल्यांपुरती राहते.

आणि रविवारच्या मेगाब्लॉकचं काय? तो तर शनिवारच्या पेपरात छापून येतो, अचानक काहीच नसतं. रविवार सगळ्यांचा सुट्टीचा, असं धरून तो घेतला जातो. मॉलमधल्या सेल्सगर्लची सुट्टी मंगळवारी असते, रविवारी तर तिचा धंद्याचा दिवस. हार्बरचा ब्लॉक अकराच्या सुमारास सुरू होतो, तिची पाळी साडेअकराला. पाळी दहाला लावली तर ती ब्लॉकआधीच्या गाडीने येईल, आणि संध्याकाळी दीड तास आधी सुटेल. एवढ्यासाठी बसही लागत नाही आणि नवा कायदाही.